सुई घरात, कात्री बाजारात

शालेय गणवेशाचा अधिकार शासनाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांच्या स्वाधीन केला आणि ‘एक राज्य, एक गणवेश’ ही मसलत गुंडाळली गेली. कुणाच्या बाह्या तोकड्या, कुणाची विजार ढगळ, कित्येकांना स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेशच नाही, ह्या तक्रारींची उजळणी करण्याचे येथे प्रयोजन नाही. मला कुतूहल आहे ते त्या व्यवस्थेतील एका कलमाचे. कापड पुरवठादाराने कापून द्यावयाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचतगटांतील स्त्रियांनी ते केवळ जोडावयाचे, अशी ती तजवीज होती. म्हणजे कात्री मक्तेदाराकडे आणि सुई बाईकडे. ही वाटणी मंत्रालयात जन्मलेली नाही. ती फार जुनी आहे, आणि आमच्या हिंगोली जिल्ह्याइतका तिचा माग अन्यत्र क्वचितच सहज लागेल.

कारण संत नामदेवांची नर्सी ह्याच जिल्ह्यात आहे. नामदेव जातीने शिंपी, आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांची जी ६१ पदे आहेत त्यांतील एकात गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची सारी हत्यारे भक्तीच्या रूपकास जुंपलेली आढळतात. शिवणे हे मूलतः बायकी काम होय असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या चरित्राचा जरूर विचार करावा. वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावात अंगरखा, बंडी, कुडते बेतणारा हात पुरुषाचाच असे. स्त्रीच्या वाट्याला येई ती वाकळ, तान्ह्याची कुंची आणि झबले, म्हणजे ज्याचे माप काटेकोर नसते आणि ज्याचा मोबदला कुणी देत नाही असे शिवण. ह्याला एक ठळक अपवाद होता तो तांड्यांवरील बंजारा स्त्रियांचा. त्या आपली कांचळी आपणच बेतीत, आपणच आरसे जडवून भरीत, आणि तरीही त्यांना कारागीर म्हणावे असे पुष्कळ काळ कुणाला सुचले नाही. कुरुंदा हे ज्यांचे कुळगाव त्या नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीची चिकित्सा केली. सुईची ही अलिखित स्मृती मात्र त्यांच्या लेखणीतून निसटली, ह्याची मला हळहळ वाटते.

ह्या स्मृतीची वचने घरोघरी ठाऊक होती. तिन्हीसांजेला सुई हाती घेऊ नये, अंगावरचा कपडा अंगावर शिवू नये, कोरे कापड भिजवल्यावाचून कापू नये, वाढत्या मुलीच्या परकराला आतून दुमड घालून ठेवावी. त्यांतील पहिल्यात चिमणीच्या उजेडात डोळे न फोडण्याचे शहाणपण आहे, दुसऱ्यात सुई टोचू न देण्याचे. तिसरे आणि चौथे तर आजही तंतोतंत खरे आहे, कारण खळ गेल्यावर सुती कापड आटतेच आणि मूल वाढतेच. शिवणीत माया सोडावी हा जुना दंडक त्याच जातीचा, आणि कापून आलेल्या तुकड्यांत माया किती सोडावी हे शिवणारणीच्या हाती उरत नाही. दंडक खोटे नव्हते. ते फक्त मुलीलाच सांगितले जात आणि मुलाला नाही, एवढेच त्यांचे वैगुण्य होते.

मग यंत्र आले. गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिलाईयंत्राला आपल्या आक्षेपातून मोकळीक दिली, आणि कारण मोठे हृद्य सांगितले: पत्नीचे टाके घालण्याचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र निर्मिले. कथा मनोहर आहे, परंतु इतिहासाच्या दप्तरात तिला आधार नाही. एलियस हाऊ ह्याने १८४६ मध्येच पेटंट मिळविले होते. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये यंत्रात मोलाची सुधारणा केली आणि पुढे सिंगरलाच हाऊस स्वामित्वधन द्यावे लागले. ह्या गृहस्थाच्या संसाराची हकीकत तर अशी आहे की, अनेक स्त्रियांपासून झालेली त्याची अपत्ये दोन डझनांच्या घरात भरतात. एकपत्नीव्रताचा दाखला म्हणून त्याची निवड महात्म्याने कशी केली असेल देव जाणे! सिंगरने खरे साधले ते व्यापारात, हप्त्यांवर यंत्र विकून. त्याच हप्त्यांमुळे शिंप्याच्या दुकानापुरते असलेले यंत्र पुढे सामान्य गृहिणीच्या ओसरीत येऊ शकले.

ओसरीत आले, पण उंबरठ्याच्या आतच राहिले. रमाबाई रानडे ज्या संस्थेच्या प्राण होत्या त्या पुण्याच्या सेवासदनात, १९०९ नंतर, निराधार स्त्रियांना शिवण शिकविले गेले ते चरितार्थासाठी. ही उपजीविका समाजाने स्वीकारली, कारण तीत बाईला घराबाहेर पडावे लागत नव्हते. प्राथमिक वर्गांत मुलगे आणि मुली ह्यांचा अभ्यासक्रम एकच असावा असे हंसा मेहता समितीने साठीच्या दशकात निक्षून सांगितले, तथापि मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम हा शिरस्ता वर्गांत दीर्घकाळ चालूच राहिला.

कात्री स्त्रीच्या हाती खरोखर आली ती ब्लाउजमुळे. पुरुष शिंप्याने माप घ्यावे कसे, हा संकोच इतका होता की जुने ब्लाउज ‘मापाचे’ म्हणून दुकानात धाडण्याची वहिवाट पडली. त्या संकोचाच्या फटीतून शिवणक्लासातली बाई शिरली आणि कटोरी, मुंढा, उरेब पट्टी ह्यांची बेतणी तिने आपलीशी केली. समतेच्या आंदोलनाने जे साधले नाही ते लज्जेने साधले, असे म्हणणे मला कडवट वाटते, पण खोटे वाटत नाही.

आता पंतप्रधान विश्वकर्मा योजनेने, जी योगायोगाने मराठवाडा मुक्तिदिनी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, अठरा व्यवसायांत शिंप्याचीही गणना केली असून अवजारांसाठी १५,००० रुपये देऊ केले आहेत. मात्र तिचा लाभ एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला. ज्या घरी नवरा बेततो आणि बायको काज, बटण, तुरपण करते, त्या घरच्या अर्जावर शिंपी म्हणून कुणाचे नाव चढते, हे कुरुंद्याच्या ग्रामपंचायतीत जाऊन कुणी तरी तपासून पाहावे.