बालवाडीचं माप

तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची एक खोली आणि बाहेर खेळायला ३० चौरस मीटर मोकळी जागा. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणानंतर केंद्र सरकारने बालशिक्षणासाठी जे किमान निकष ठरवले, त्यांतला हा एक. ३५ चौरस मीटर म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. डोंबिवलीत तेवढ्या जागेत अख्खं कुटुंब राहतं. त्यातूनही खोली मिळून जाते, बाहेरची जागा मिळत नाही. इमारतीच्या तळमजल्यावर भरणाऱ्या नर्सरीत मुलांचं मैदान म्हणजे बहुधा पार्किंगची फरशी असते.

बाकीचे निकषही असेच रोखठोक आहेत. तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस, त्याहून लहान असतील तर दहांमागे एक. तीन-चार तासांपेक्षा मोठा दिवस नको. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, डुलकी घ्यायची सोय हवी. आणि शिकवणं मुलाच्या घरच्या किंवा परिसराच्या भाषेत. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याच्या आधीच्या मुलांसाठी त्यात ११ वं कलम आहे, तेही सरकारवर सक्ती करत नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यात या वयाची मुलं दोन जगांत वाटली गेली आहेत. वस्तीतलं मूल अंगणवाडीत जातं, सोसायटीतलं नर्सरीत. अंगणवाडीवर देखरेख भरपूर आहे. सेविकेच्या वर पर्यवेक्षिका, तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. वजन, उंची, हजेरी, घरपोच आहार, सगळ्याची नोंद होते. २०२१ पासून ती पोषण ट्रॅकर ॲपमध्ये जाते. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन नादुरुस्त आणि ॲप मराठीत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती रास्तच होती. मला खटकतं ते आणखी एक: एवढ्या रकान्यांतून मुलाचं वजन कळतं, पण आज त्याच्याशी कोण काय बोललं, ते कळत नाही.

खासगी नर्सरीची गोष्ट उलटी. १९९६ मध्ये राज्याने कायदा केला, पण त्याचा रोख प्रवेशावर होता: चिमुरड्यांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या मुलाखती बंद करण्यावर. दाराच्या आत काय चालतं, हा प्रश्न तसाच राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर सीसीटीव्हीच्या सक्तीचे आदेश निघाले. २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांनी शिक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करावी, असंही सांगण्यात आलं. दोन्ही गोष्टी फार आधी व्हायला हव्या होत्या. कॅमेरा हवाच, नोंदणीही हवीच. पण त्यांतून मूल सुरक्षित आहे की नाही याचा थोडाफार अंदाज येतो. ते शिकतंय का, बोलतंय का, हे कोणी तरी आत बसून पाहिल्याशिवाय समजणार नाही.

ही निकड याच मातीतल्या माणसांनी ओळखली होती. बोर्डी आणि कोसबाड ही गावं १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच त्याच्या अंगणात जायचं, हा त्यांचा मार्ग, आणि अंगणवाडी हे नावही तिथलंच. १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये सुरू झालं. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं वापरात आली. साधन स्वस्त झालं, तरी शिक्षिकेने आधी मुलाला निरखायचं हे सूत्र कायम होतं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. निरखण्याला मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना मिळाला नाही.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये पाळणाघरांना तारे द्यायला सुरुवात केली. जास्त तारे मिळवणाऱ्या केंद्राला सरकारी अनुदानही जास्त. पुढे बहुतेक राज्यांनी ही वाट धरली. पण २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास छापून आला, तो आपण नीट वाचायला हवा. शिक्षिकांची पात्रता, मुलांची संख्या, खोलीची मांडणी असं सगळं एकत्र करून दिलेल्या श्रेणीवरून मुलं किती शिकतील याचा फारसा अंदाज बांधता येत नव्हता. शिक्षिका मुलांशी कशी वागते, कशी बोलते, एवढं एकच पाहिलं तर तो जास्त बरा बांधता येत होता.

डोंबिवलीच्या संदर्भात मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घरी मराठी, आगरी किंवा हिंदी बोलणारं मूल इंग्रजी नर्सरीत जातं. पुष्कळदा बाईंनाही इंग्रजीत मोकळेपणी बोलता येत नाही. मग वर्गात उरतात सूचना आणि पाठ केलेल्या ऱ्हाइम्स. ‘तुझ्या आजीने काल काय केलं?’ असा प्रश्न विचारलाच जात नाही. भिंती रंगीत, घसरगुंडी नवी, कॅमेरा चालू. तारे देणारा बाहेरून पाहून पाचातले चार देऊन जाईल.

आत बसून मोजायची पद्धत जगात आहे. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये एक ते सात गुणांची मोजपट्टी तयार केली. तमिळनाडूत स्वामिनाथन प्रतिष्ठानने आणि दिल्लीत आंबेडकर विद्यापीठातल्या केंद्राने भारतीय वर्गांसाठी आपापली साधनं बनवली. अशा पाहणीला साधारण तीन तास लागतात. त्याआधी दोन निरीक्षक एकाच वर्गात बसून स्वतंत्र गुण देतात आणि ते पुरेसे जुळेपर्यंत सराव करतात. खरं काम इथे आहे, कारण प्रत्येकीच्या नजरेचं माप वेगळं असेल तर ताऱ्यांना अर्थ उरत नाही.

आता हिशेब करा. एका पर्यवेक्षिकेकडे साधारण २५ अंगणवाड्या धरल्या, तर प्रत्येकीत एकेक सकाळ बसायला तिच्या अख्ख्या महिन्याच्या सकाळी जातील. आढावा बैठका, अहवाल, ॲपमधल्या चुकांची दुरुस्ती कोण करणार? म्हणून दर्जाची व्यवस्था आणायची तर आधी तिच्या टेबलावरचे कागद कमी करायला हवेत आणि रिकामी पदं भरायला हवीत. सुरुवातीची दोन वर्षं गुण जाहीर करू नयेत, ते फक्त सेविकेला दाखवावेत आणि त्यावर पुढच्या भेटीत बोलावं. शिक्षेच्या भीतीने सजवलेल्या वर्गात निरखण्यासारखं काही राहत नाही. मानधनावर राबणाऱ्या बाईला कमी गुण देऊन वर प्रशिक्षण न देणं, हा तर सरळ अन्याय होईल.

खासगी केंद्रांबाबत सुरुवात याहून सोपी आहे. नोंदणीच्या अर्जात इमारत, व्यवस्थापन, पटसंख्या आणि कर्मचारी यांची माहिती द्यावी लागते. त्यात एक अट वाढवावी: प्रशिक्षित निरीक्षकाला वर्षातून एक पूर्ण सकाळ, आगाऊ न कळवता, वर्गात बसू द्यायचं.