एक वस्त्र, दोन दावे

दोघांनी एकच वस्त्र धरलंय. एक म्हणतो, ‘सगळं माझं.’ दुसरा म्हणतो, ‘निम्मं माझं.’ कुणाला किती द्याल?

एकाचा दावा दुसऱ्याच्या दुप्पट, म्हणून आपण बहुतेक तीन वाटे करू: दोन याला, एक त्याला. पण साधारण १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातला निवाडा असा: पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. कारण दुसरा ‘निम्मं माझं’ म्हणाला, तेव्हाच बाकीचं निम्मं त्याने सोडलं. त्याबद्दल तंटाच नाही. तंटा आहे तेवढाच भाग सारखा वाटायचा. न्यायाधीशाने आधी काय शोधावं, तर दोघांना काय आधीच मान्य आहे! मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

याच ग्रंथात एक चक्रावून टाकणारा हिशोब आहे. एक माणूस वारला. तीन बायकांना विवाहपत्राप्रमाणे १००, २०० आणि ३०० झूझ (तेव्हाची चांदीची नाणी) द्यायचे आहेत, पण मालमत्ता अपुरी. मागे १०० राहिले असतील तर तिघींना सारखे. ३०० असतील तर ५०, १००, १५०. आणि २०० असतील तर ५०, ७५, ७५. एकदा समान, एकदा दाव्याच्या प्रमाणात, आणि मधला आकडा कशातच बसत नाही. शतकानुशतकं विद्वान यावर डोकं खाजवत राहिले.

१९८५ साली रॉबर्ट ऑमन आणि मायकेल माश्लर या इस्रायली गणितज्ञांनी कोडं उलगडलं. किल्ली त्या वस्त्रातच होती. २०० च्या वाटणीतल्या पहिल्या दोघी घ्या. त्यांच्याकडे मिळून आले १२५. पहिलीचा दावा १०० चा, म्हणजे २५ तिने सोडलेच, ते दुसरीचे. दुसरी मात्र काहीच सोडत नाही, तिचा दावा २०० चा आहे. उरलेले १०० निम्मे-निम्मे. झाले ५० आणि ७५! गेम थिअरीत १९६९ साली मांडलेली ‘न्यूक्लिओलस’ ही कल्पना, म्हणजे सर्वांत मोठी तक्रार आधी शक्य तेवढी लहान करणारी वाटणी, हीसुद्धा नेमके हेच आकडे देते. ते जुने धर्मपंडित तिथवर कसे पोचले असतील?

३०० ची ओळ मी सोडवून देत नाही. पेन्सिल घ्या, कोणत्याही दोघी निवडा आणि वस्त्राचा नियम लावून पाहा.