हातमोज्यांचें मोल

वडनेर हें गांव नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेलें आहे. याच मार्गानें आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी रोज मोटारसायकलीवरून हिंगणघाटास शिवणकामासाठीं जातो. गेल्या पावसाळ्यांत तो मजकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, दुकानांत मोटारसायकलस्वारांचे हातमोजे पाहिले. साधे चारशें रुपयांस मिळतात. उत्तम म्हणून दाखविले ते सहा हजारांस. एवढा पैसा घालणें शहाणपणाचें होईल काय?" प्रश्न एकाचा असला तरी तो अनेकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें थोड्या विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम हातमोजा हवा कशासाठीं, हें पाहूं. मनुष्य पडूं लागला कीं विचार करण्यापूर्वींच त्याचे हात पुढें जातात, आणि देहाचा भार तळहातावर येतो. एका हातांत २७ हाडें असतात, व त्यांपैकीं ८ लहान हाडें मनगटांत असतात. त्या आठांत अंगठ्याच्या बाजूस नावेच्या आकाराचें एक हाड आहे. हात टेकून पडतांना तें पुष्कळदां मोडतें, आणि त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळें सांधण्यास फार दिवस घेतें. तळहाताची त्वचा जाड व स्पर्शज्ञानानें संपन्न असते. ती सोलून गेल्यास दुसरीकडील त्वचा लावूनही पूर्वीचा स्पर्श पुरतेपणीं परत येत नाहीं. हाताच्या पाठीवर तर पातळ त्वचेखालीं लगेच बोटें ताठ करणारे स्नायुबंध आहेत. ज्याची उपजीविका सुई-दोऱ्यावर, त्याला ही हानि किती मोठी, हें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट घर्षणाची. ताशी ६० किलोमीटर वेगानें जाणारा स्वार दर सेकंदास साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर तोडतो. तो डांबरी रस्त्यावर घसरूं लागला तर थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद आणि वीस-पंचवीस मीटर सहज जातात. इतका वेळ खडीच्या कानशीवर टिकेल असें कांहीं हातांत हवें. साधा कापडी मोजा थंडी व ऊन यांपासून राखतो. घर्षणापुढें तो क्षणांत फाटतो.

मग कोणता मोजा टिकेल, हें ओळखावें कसें? यासाठीं युरोपांत "ईएन १३५९४" या नांवाचें प्रमाण ठरविलें असून, त्याची २०१५ सालची सुधारलेली आवृत्ति प्रसिद्ध आहे. तींत कातडें अगर कापड वेगानें फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर धरून पाहतात. तळहाताचा भाग ४ सेकंद टिकला तर पहिली पायरी, ८ सेकंद टिकला तर दुसरी. यंत्रावरील चार सेकंद म्हणजे रस्त्यावरील चार सेकंद नव्हेत, हें ध्यानांत ठेवावें. तथापि दोन मोज्यांची तुलना करण्यास हें माप उत्तम आहे. याशिवाय शिवण किती ताण सोसते, मोजा हातांतून निसटतो कीं काय, हेंही तपासतात. बोटांच्या पेरांवरील कवच कसोटीस उतरल्यास चिठीवर "केपी" हीं अक्षरें असतात. मोज्याच्या आंतील चिठीवर मोटारसायकलस्वाराचें चित्र, प्रमाणाचा अंक आणि १ किंवा २ हा पायरीचा अंक पाहून घ्यावा.

आतां किमतीकडे वळूं. चारशें रुपयांच्या मोज्यावर पुष्कळदां कठीण प्लास्टिकचा दिखाऊ फुगवटा असतो, पण प्रमाणाचा अंक नसतो. दोन-तीन हजारांच्या आसपास पहिल्या पायरीचे प्रमाणित मोजे मिळूं लागतात. येथवर पैशाबरोबर संरक्षण वाढत जातें. त्यापुढें दुसऱ्या पायरीचे मोजे येतात, आणि महामार्गावर रोज वेगानें दूर जाणाऱ्यास ते उपयोगाचे आहेत. परंतु त्याहून वर दिलेल्या पैशांत मऊ कातडें, हलकेपणा, रंग व नांव यांचा वाटा वाढतो आणि संरक्षणाचा घटतो. म्हणून किंमत पाहून नव्हे, चिठी पाहून निवड करावी.

मोज्यांचा खरोखर उपयोग होतो काय? ऑस्ट्रेलियांत अपघात झालेल्या २१२ स्वारांची पाहणी करून २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोटारसायकलीसाठीं केलेले हातमोजे घातलेल्यांस रुग्णालयांत दाखल होण्याचा संभव ५९ टक्क्यांनीं कमी आढळला. सावधपणें चालविणारे लोकच मोजे घालतात, हेंही त्यांत असूं शकेल. त्याच पाहणींत सुमारें चतुर्थांश मोजे अपघातांत फाटल्याचें दिसलें. म्हणजे मोजा असणें निराळें आणि चांगला मोजा असणें निराळें.

आपल्या प्रांतापुरती एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. वर्धा जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हांत जो मोजा नकोसा होऊन डिकींत पडून राहतो, तो कितीही महाग असला तरी फुकटच होय. यासाठीं तळहातास दुहेरी कातडें आणि पाठीस हवा खेळेल असें जाळीदार कापड असलेला मोजा बरा. घेतांना मनगटाचा पट्टा आवळून दुसऱ्यास बोटांकडून ओढावयास सांगावें. मोजा हातांतून सुटला तर तो तेथेंच ठेवून यावें.

इतकें सांगून झाल्यावर मीं त्याचें हेल्मेट पाहावयास मागितलें. त्याच्या हनुवटीखालचा पट्टा तुटलेला होता, आणि भारतीय मानकाचा शिक्काही त्यावर नव्हता. हातमोज्यांची सक्ति नाहीं, पण हेल्मेट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नें आवश्यक केलें आहे. आणि त्यानें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्यास इजा होण्याचा सुमारें ६९ टक्क्यांनीं घटतो, असें २००८ सालच्या एका विस्तृत परीक्षणांत दिसून आलें. हात राखावयाचे, परंतु मस्तकानंतर.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा शुभवर्तमानांत दृष्टांत आहे. आपण हिशेब करितों तेव्हां बहुधा वस्तूची किंमत तेवढी मांडतों. ती नसल्यानें काय जाईल तें मांडावयाचें राहून जातें. आमच्या त्या विद्यार्थ्यानें दोन्ही बाजू मांडल्या. सहा हजारांत त्यानें प्रमाणित हेल्मेट घेतलें, पहिल्या पायरीचे मोजे घेतले, आणि उरलेल्या पैशांत मागील चाकाचा झिजलेला टायर बदलला. मला वाटतें, त्याच्या प्रश्नाचें याहून चांगलें उत्तर मलाही देतां आलें नसतें.