एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे

सांधे दुखतात, केस गळतात, थकवा जात नाही, एवढ्यावर हल्ली रक्त लॅबमध्ये जातं आणि संध्याकाळी मोबाइलवर ‘एएनए पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट येऊन पडतो. शोधाशोध केली की पहिलं नाव निघतं ल्युपसचं. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते असा हा आजार बहुतांशी तरुण स्त्रियांना गाठतो आणि मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. त्यामुळे घरात घबराट उडते. पण ल्युपस झालाय की नाही याचा निवाडा ही तपासणी करतच नाही. आधीच आलेला संशय पुढे न्यायचा की सोडून द्यायचा, इतकंच ती सांगते. संशयच नसेल, तर तिच्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही.

तपासणी होते कशी, ते पाहिलं की कारण कळतं. १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हार्ग्रेव्ह्ज यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत ‘एलई सेल’ दिसली आणि ल्युपसला प्रयोगशाळेतली पहिली खूण मिळाली. १९५७मध्ये जॉर्ज फ्रायू यांनी पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजेच एएनए, चमकणाऱ्या रंगाने दाखवली. आजही पद्धत मुळात तीच आहे. काचपट्टीवर ‘हेप-२’ या मानवी पेशी असतात. त्यांवर रुग्णाचं पातळ केलेलं सीरम घालतात, धुतात, मग रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड सोडतात आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्रं हिरवी चमकतात का ते बघतात. सीरम ८० पट पातळ करूनही चमक दिसली तर १:८०, ३२० पट केल्यावरही टिकली तर १:३२०. या प्रमाणाला टायटर म्हणतात. म्हणजे इथे मोजली जाते ती प्रतिपिंडं, आजार नव्हे.

आणि ही प्रतिपिंडं धडधाकट माणसांतही असतात. एंग टॅन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये निरोगी लोकांचे नमुने तपासले, तेव्हा १:४०ला ३१.७ टक्के, १:८०ला १३.३ टक्के आणि १:१६०ला ५ टक्के पॉझिटिव्ह निघाले. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातल्या, १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ल्युपसचं प्रमाण लाखाला ३.२ आढळलं होतं. हे आकडे शेजारी ठेवून हिशेब करा. सरसकट एक लाख लोकांची एएनए केली, तर १:८०ला तेरा हजारांवर पॉझिटिव्ह येतील आणि त्यांत ल्युपसचे असतील जेमतेम तीन-चार. उलट, ल्युपसच्या शंभरातल्या सुमारे ९८ रुग्णांत एएनए पॉझिटिव्ह असते. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट ल्युपस नसल्याचा भक्कम पुरावा ठरतो. पॉझिटिव्ह मात्र एकटा लंगडाच.

यावर कुणी म्हणेल, प्रतिपिंडं आजाराच्या कितीतरी आधी येतात, मग आधीच शोधली तर काय बिघडलं? अमेरिकी सैन्याच्या साठवलेल्या सीरमवर झालेल्या २००३च्या अभ्यासात १३० रुग्णांपैकी ११५ जणांत निदानाआधीच, काहींत तर नऊ वर्षांहून आधी, प्रतिपिंडं सापडली, हे खरं. पण हा अभ्यास रुग्णांपासून मागे गेला. निरोगी पॉझिटिव्ह माणसांपासून पुढे निघालो तर बहुतेकांना ल्युपस कधीच होत नाही, आणि त्यांना द्यायला औषधही नाही. हाती लागते ती धास्ती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बायकांची दुखणी आधीच मनावर घेतली जात नाहीत, त्यात तपासण्यांवर लगाम कशाला? लगाम हवा तो रुग्णाला न तपासता लिहिलेल्या तपासणीवर. उन्हात गेल्यावर गालांवर उठणारं पुरळ, तोंडातले व्रण, सुजलेले सांधे, पायांवरची सूज, फेसाळ लघवी ही लक्षणं असतील, तर एएनए लगेच करावी. सोबत लघवीतली प्रथिनं आणि सीबीसी या स्वस्त तपासण्या विसरू नयेत. मूत्रपिंडाचा त्रास बहुधा लघवीतच आधी दिसतो.

संधिवाततज्ज्ञ एएनएनंतर डीएस-डीएनएविरुद्धची आणि अँटी-स्मिथ ही अधिक नेमकी प्रतिपिंडं पाहतात. २०१९च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८०ची एएनए हे नुसतं प्रवेशद्वार आहे. त्यापुढे लक्षणं आणि तपासण्या मिळून किमान १० गुण लागतात. डीएस-डीएनए आणि अँटी-स्मिथ यांपैकी एखादं प्रतिपिंड मिळालं तरी त्याचे सहाच गुण. त्यांनीही काम भागत नाही. निदान झाल्यावर एएनए पुन्हापुन्हा करण्यात पैसे वाया जातात, कारण आजाराच्या चढउताराशी तिचं नातं नाही. त्यासाठी डीएस-डीएनए, रक्तातली सी३ आणि सी४ ही पूरक प्रथिनं आणि लघवी पाहावी लागते. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट हाती आला की डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा, तो टायटर किती हा नव्हे. ही तपासणी कुठल्या लक्षणासाठी लिहिली होती, हा.