जुना पार्ट, नवा रंग

आमच्या घरची गाडी 2009 सालची आहे. 2024 मध्ये तिची पंधरा वर्षे भरली तेव्हा आरटीओत जाऊन पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. पाहुणे विचारतात, "अजून ही गाडी ठेवलीत?" ठेवली, कारण इंजिन चांगले आहे, नव्या गाडीचे हप्ते परवडत नाहीत आणि चालती वस्तू केवळ जुनी झाली म्हणून टाकून देणे हा इस्राफ आहे, असे अब्बा नेहमी सांगत असत. पण जुनी गाडी ठेवायची तर तिच्या पोटापाण्याकडेही बघावे लागते. तिथेच आमच्याकडून चूक झाली. ती सांगतो आहोत, कारण ती एकट्या आमची नाही.

गेल्या वर्षी गाडी खड्ड्यातून गेली की पुढून खट् खट् आवाज येऊ लागला. ब्रेक मारला की नाक खाली जाई, आणि गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राही. आमच्या चिपळूणच्या गॅरेजवाल्या चाचांनी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला आणि म्हणाले, "पुढचे दोन्ही शॉकअप गेले. लोअर आर्मचे बुशही फाटलेत. नवी जोडी साधारण चार हजार सहाशेला पडेल. मजुरी वेगळी."

त्याच आठवड्यात लग्नासाठी मुंबईला जायचे होते. तिथे जुन्या स्पेअर पार्टच्या एका दुकानात आम्हाला तीच जोडी सतराशे रुपयांत मिळाली. काळा कुळकुळीत रंग, दांडी चकचकीत. "कंपनीतून निघालेला माल आहे," दुकानदार म्हणाला. गॅरंटी विचारली तर हसून म्हणाला, "साहब, जुबान की गॅरंटी." बिल मागितले नाही. 'कंपनीतून निघालेला' म्हणजे नवा की जुना, हेही विचारले नाही. किंमत ऐकूनच कळायला हवे होते. खरे सांगायचे तर कळलेही होते. पण दोन हजार नऊशे रुपये वाचत होते, म्हणून आम्ही न कळल्यासारखे केले.

चाचांनी जोडी हातात घेऊन उलटसुलट केली. "बिल आहे?" नव्हते. "मग माझ्याकडून याची जबाबदारी नाही," एवढेच बोलून त्यांनी ती बसवली.

तीन महिन्यांनी, ऐन पावसात, अम्मींना तपासणीसाठी कराडला न्यायचे होते. मागच्या सीटवर अम्मी आणि दोन्ही मुले. कुंभार्ली घाट उतरून परत येताना एका वळणावर ब्रेक दाबला आणि पुढचे डावे चाक जणू रस्त्यावरून उड्या मारू लागले. स्टिअरिंग हातात थरथरले. गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला दोन हात सरकली आणि मग पकड मिळाली. समोरून ट्रक येत नव्हता, ही अल्लाहची मेहरबानी. अम्मी काही बोलल्या नाहीत, फक्त तस्बीह जोरात फिरू लागली. उरलेला घाट आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरलो.

शॉकअप म्हणजे नुसता आराम नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते की शॉकअप गेला तर फार तर पाठ दुखेल. तसे नाही. चाकाचा धक्का स्प्रिंग झेलते, पण स्प्रिंग एकदा दबली की ती वर-खाली नाचत राहते. तो नाच थांबवण्याचे काम शॉकअपचे. आत तेल भरलेली नळी असते, त्यात दट्ट्या फिरतो. दट्ट्याच्या बारीक झडपांतून तेलाला जोर लावून जावे लागते आणि त्या घर्षणात धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. तेल गळाले किंवा झडपा झिजल्या की चाक नाचू लागते. नाचणारे चाक क्षणाक्षणाला रस्ता सोडते, आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही, वळणही घेता येत नाही. छोट्या गाड्यांत बहुधा पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात. त्याला स्ट्रट म्हणतात. चाक सरळ उभे धरून ठेवण्याचे कामही हा स्ट्रटच करतो. म्हणून तिथली तडजोड थेट स्टिअरिंगपर्यंत पोचते.

घरी आल्यावर चाचांनी डावा स्ट्रट खोलला. सील फाटून तेल बाहेर आले होते. कानशीने रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगची घासून सपाट केलेली रेघ दिसली. नळी कधीतरी कापून, आत जुनाच दट्ट्या ठेवून, पुन्हा जोडलेली होती. दांडीवर गंजाचे बारीक खड्डे होते. त्यांना पॉलिश मारले होते, पण खड्डे तसेच. प्रत्येक फेरीला त्यांनीच नवे सील कापले होते. टायरवर उंचसखल चट्टे पडले होते, तेही दोन्ही बदलावे लागले. जोडीचे सतराशे, टायरचे सात हजार दोनशे आणि पुन्हा खोला-जोडीचे पंधराशे: दोन हजार नऊशे वाचवायला निघालेल्या आम्ही दहा हजार चारशे घालवले. नव्या जोडीचे पैसे द्यायचे होते ते वेगळेच.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "रिकंडिशनला गॅरंटी कसली? आणि बिल कुठे आहे?" 'रिकंडिशन' हा शब्द त्याच्या तोंडून आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकला.

रिकंडिशन वाईट नाही, लपवणे वाईट

रागाच्या भरात आम्ही म्हणालो, "यापुढे रिकंडिशन काही घ्यायचेच नाही." चाचा हसले. "मग तुमच्या गाडीतले लोअर आर्म काढून टाकू?" ते आर्म त्यांनीच तीन महिन्यांपूर्वी रिकंडिशन केले होते आणि ते उत्तम चालत होते. त्यांचे बिल आम्ही पुन्हा काढून पाहिले. त्यावर लिहिले होते: 'आर्म जुना, बुश नवीन, सहा महिने.' तीनच गोष्टी, पण काय जुने, काय नवे आणि जबाबदारी किती दिवसांची, हे सगळे त्यात आले.

मग त्यांनी समजावले. एखादा भाग पूर्ण खोलून, धुऊन, झिजलेले सगळे बदलून, मोजून-तपासून पुन्हा जोडला तर तो प्रामाणिक माल. वरून नुसता रंग मारला तर ती फसवणूक. त्यांच्याकडून शिकलेले थोडक्यात असे:

लोअर आर्म वाकलेला, तडकलेला किंवा गंजाने खाल्लेला नसेल तर त्यात प्रेसवर नवे बुश बसवून तो पुन्हा वापरता येतो. काही गाड्यांत बॉल जॉइंट आर्मलाच पक्का असतो. तो झिजला तर पूर्ण आर्म नवा घ्यावा.

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि रबरी बुश कधीही जुने घेऊ नयेत. बॉल जॉइंट सुटला तर चाकच आडवे होते.

जीप-टेम्पोच्या पाट्यांना पुन्हा कमान देणे हे जुने कसबी काम आहे. जाणकार कारागिराकडे ते करता येते. तडकलेले पान मात्र बदललेच पाहिजे. बसलेल्या गोल स्प्रिंगला गॅसने तापवून ताणणे किंवा मध्ये रबर अडकवणे हा उपाय नव्हे. तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते.

महागड्या गाड्यांचे काही शॉकअप खोलता येतील असेच बनवलेले असतात. त्यांत नवे सील, नवे तेल, गरज पडल्यास नवी दांडी घालून केलेले काम टिकते. आपल्या साध्या गाड्यांचे शॉकअप कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात. ते कापून जोडण्यापेक्षा नवे घेतलेलेच स्वस्त पडतात.

एकाच बाजूचा शॉकअप बदलू नये. डावा-उजवा जोडीनेच बदलावा आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

दुकानात पार्ट हातात आला की आधी रंगाचा वास घ्यावा. ताजा रंग दिसला तर 'याच्या खाली काय आहे?' असे सरळ विचारावे. दांडीवरून नख फिरवावे; नख अडकले तर पार्ट परत ठेवावा. शॉकअप उभा धरून दांडी चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करावी. दोन्हीकडे जोर सलग लागला पाहिजे, मध्येच पोकळ जागा जाणवता कामा नये. सीलपाशी तेलाचा ओलावा नसावा. आणि बिलावर 'नवीन' की 'रिकंडिशन' हे लिहून घ्यावे.

ओले धान्य वर ठेवा

मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपल्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तर आतले धान्य ओले लागले. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणारा आमच्यातला नाही असे बजावले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की ओले धान्य विकायला मनाई केली नाही. ते खाली दडवायला केली. रिकंडिशन पार्टचेही तेच आहे. वेल्डिंगची रेघ हा दोष नव्हता असे नाही. पण खरा गुन्हा तिच्यावरचा रंग होता.

फिक्हमध्ये लपवलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क मानला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. देशाचा कायदाही याच बाजूचा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जुनी किंवा रिकंडिशन वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणेही त्यातच येते. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हेही त्यातच बसते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहे. पण बिलच न घेणाऱ्या आमच्यासारख्यांना सिद्ध करायला काय उरते?

गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, भंगार, जुने स्पेअर पार्ट या धंद्यांवर आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल पेटते. हे हुनराचे काम आहे, त्यात लाज नाही. उलट चाचांसारखा माणूस बिलावर 'आर्म जुना' असे लिहितो तेव्हा त्याच्या हुनराला नाव मिळते, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दोन गिऱ्हाइके घेऊन येते. रंगाखाली लपवलेल्या कामाला ना नाव, ना बरकत. आणि आम्ही गिऱ्हाइकेही निर्दोष नाही. अर्ध्याहून कमी किंमत ऐकून डोळे मिटणारा माणूस त्या रंगाच्या डब्याचे पैसे स्वतःच भरत असतो.

याची परीक्षा आमच्याच अंगणात झाली. नवी जोडी बसवल्यावर ते खराब शॉकअप कोपऱ्यात पडले होते. जुने पार्ट गोळा करणारा एक मुलगा आला, त्याने जोडीला चारशे रुपये देऊ केले. भंगाराच्या भावाने दीडशेच मिळणार होते. एवढा खर्च झाल्यावर चारशेही हवेसे वाटले. धाकटीने विचारले, "हे तो काय करणार?" आम्ही मुलाकडे पाहिले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सेठ परत बनवतो."

आम्ही त्याला नको म्हणालो. चाचांनी आधी सावकाश भोक पाडून आतला दाब सोडला, उरलेले तेल डब्यात काढले, आणि मग ग्राइंडरने दोन्ही नळ्या मधोमध कापल्या. ते तुकडे दीडशे रुपयांना वजनावर गेले. गेल्या महिन्यात अम्मींना घेऊन पुन्हा कराडला जाऊन आलो. त्या वळणावर अम्मींची तस्बीह नेहमीच्याच संथ चालीने फिरत होती.