सांबा फाईल सर्व्हरमधील प्रमाणीकरण-आज्ञावलीची पुनर्रचना : दावा, पुरावा आणि ओळख

प्रस्तावना

विभागातील संगणकावरून सामायिक सर्व्हरवरची फाईल उघडताना वापरकर्ता आपले नाव आणि परवलीचा शब्द देतो. फाईल उघडली की त्याच्या दृष्टीने विषय संपतो. सर्व्हरपुढे मात्र त्या क्षणी तीन स्वतंत्र प्रश्न उभे राहिलेले असतात : आलेली व्यक्ती कोण असल्याचा दावा करीत आहे, त्या दाव्याचा पुरावा कोणी तपासावयाचा आणि तपासणीनंतर तिला कोणती ओळख द्यावयाची. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच 'होय' किंवा 'नाही'मध्ये कोंबली गेली, तर कोणते धोके निर्माण होतात, हे सांबा या मुक्त स्रोत फाईल सर्व्हरच्या इतिहासातून स्पष्ट होते. या सर्व्हरच्या प्रमाणीकरणविषयक आज्ञावलीची २००१ पासून जी पुनर्रचना झाली, तिची कारणे, तिचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सांबाची पार्श्वभूमी

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीमध्ये संशोधक विद्यार्थी असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस या सर्व्हरची पहिली आवृत्ती लिहिली. डॉसवर चालणाऱ्या संगणकाला युनिक्स संगणकावरील फाईली वापरता याव्यात, एवढीच मूळ गरज होती. त्यासाठी लागणारे संवादाचे नियम त्यांनी नेटवर्कवरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करून शोधून काढले. हे नियम पुढे एसएमबी प्रोटोकॉल या नावाने परिचित असलेल्या पद्धतीचे होते. 'एस', 'एम' आणि 'बी' ही अक्षरे असलेला शब्द शोधताना 'सांबा' हे नाव सापडले. मुक्त परवान्याखाली वितरित होत असल्याने विंडोज संगणकांना लिनक्स सर्व्हरवरील फाईली पुरविण्यासाठी अनेक संस्थांनी तो स्वीकारला.

परवलीच्या शब्दाच्या दोन परंपरा

सांबाच्या अडचणीचे मूळ दोन भिन्न परंपरांमध्ये आहे. युनिक्समध्ये परवलीचा शब्द मूळ रूपात साठविला जात नाही. त्यात एक यादृच्छिक घटक मिसळून त्याचे एकमार्गी रूपांतर, म्हणजेच हॅश, तयार केले जाते. वापरकर्ता मूळ शब्द सर्व्हरला कळवितो, सर्व्हर त्याचे तसेच रूपांतर करतो आणि दोन्ही रूपे ताडून पाहतो.

विंडोजच्या एनटीएलएम पद्धतीत मूळ शब्द नेटवर्कवरून जातच नाही. सर्व्हर ८ बाइटांचे एक यादृच्छिक आव्हान पाठवितो. वापरकर्त्याचा संगणक परवलीच्या शब्दापासून तयार झालेल्या १६ बाइटांच्या हॅशच्या साहाय्याने त्या आव्हानाचे उत्तर काढतो. मूळ एनटीएलएममध्ये हे उत्तर २४ बाइटांचे असते. उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरविण्यासाठी तपासणाऱ्याजवळ तोच हॅश असावा लागतो. युनिक्सने साठविलेल्या रूपावरून तो काढता येत नाही. १९९७मध्ये विंडोज एनटी ४.०च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने मूळ शब्द उघड पाठविण्याची पद्धत बंद केली, तेव्हा ही विसंगती टाळणे अशक्य झाले. परिणामी सांबाला वापरकर्त्यांच्या हॅशची स्वतंत्र नोंद ठेवावी लागली, किंवा तपासणी विंडोजच्या डोमेन कंट्रोलरकडे सोपवावी लागली.

या हॅशला यादृच्छिक घटकाचे संरक्षण नसते आणि उत्तर काढण्यासाठी तो पुरेसा असतो. म्हणून तो परवलीच्या शब्दाइतकाच मोलाचा ठरतो. ही गोष्ट पॉल अ‍ॅश्टन यांनी १९९७मध्येच सांबाच्या क्लायंटमध्ये बदल करून दाखवून दिली होती. म्हणजे पुरावा कोठे ठेवला जातो आणि कोण तपासतो, या प्रश्नाला सुरुवातीपासूनच सुरक्षिततेचे परिमाण होते.

जुन्या रचनेतील दोष

गरजा वाढत गेल्या तशा तपासणीच्या वाटाही वाढत गेल्या. स्थानिक नोंद तपासणे, दुसऱ्या सर्व्हरला विचारणे आणि डोमेन कंट्रोलरला विचारणे असे पर्याय एकेक करून जोडले गेले. त्यांपैकी कोणता पर्याय वापरावयाचा याचा निर्णय मात्र वापरकर्त्याचे सत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीतच गुंफलेला होता. नवी पद्धत आणावयाची म्हणजे त्याच गुंत्यात आणखी एक अट घालावयाची, अशी स्थिती झाली.

दुसरा दोष उत्तराच्या स्वरूपात होता. तपासणी करणारी बहुतांश फंक्शने केवळ खरे किंवा खोटे असे उत्तर देत. परवलीचा शब्द चुकला, खाते बंद आहे, शब्दाची मुदत संपली किंवा तपासणारा सर्व्हर उपलब्धच नाही, या भिन्न परिस्थिती एकाच नकारात मिसळून जात. होकार मिळाला तरी त्यासोबत वापरकर्त्याच्या गटांची माहिती येत नसे. ती पुन्हा नावावरून शोधावी लागे.

पुनर्रचनेचे स्वरूप

अँड्र्यू बार्टलेट यांनी २००१मध्ये सांबाच्या विकासशाखेत प्रमाणीकरणाचा हा भाग नव्याने मांडण्यास प्रारंभ केला. सप्टेंबर २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या सांबा ३.० या आवृत्तीतून तो सर्वसामान्य वापरात आला. परीक्षा केंद्राच्या व्यवस्थेशी तुलना केल्यास त्याचे स्वरूप समजणे सोपे जाईल. प्रवेशपत्र पाहणारा पर्यवेक्षक विद्यार्थ्याची पात्रता ठरवीत नाही. ती ठरविणारा अधिकारी वेगळा असतो. पर्यवेक्षकाने पुरावा जसाच्या तसा योग्य अधिकाऱ्यापुढे ठेवावयाचा आणि त्याचा निर्णय कारणासह स्वीकारावयाचा असतो. नवी रचना चार भागांत पाहता येते.

पहिला भाग दाव्याच्या नोंदीचा. वापरकर्त्याने पाठविलेले नाव, डोमेन आणि आव्हानाचे उत्तर एका संरचनेत एकत्र केले जाते. सर्व्हरने अंतर्गत कामासाठी नाव बदलले असल्यास ते वेगळे ठेवून मूळ नावही जपले जाते. हा केवळ टापटिपीचा भाग नाही. एनटीएलएमच्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तर काढताना नाव आणि डोमेन यांचाही गणितात समावेश होतो. तेथे मूळ नावाऐवजी बदललेले नाव वापरले, तर खरा वापरकर्ताही नाकारला जाईल.

दुसरा भाग आव्हानाचा. आव्हान कोणी द्यावयाचे हे तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून असू शकते, कारण दुसऱ्या सर्व्हरकडून तपासणी करून घ्यावयाची असल्यास आव्हानही त्याचेच असावे लागते. म्हणून प्रत्येक पद्धतीला आधी आव्हान द्यावयाचे आहे काय, असे विचारले जाते. कोणीच ते देत नसल्यास सांबा स्वतः यादृच्छिक आव्हान तयार करतो.

तिसरा भाग तपासणीचा. पाहुणा वापरकर्ता, स्थानिक नोंद, डोमेन यांसाठी वेगवेगळी मोड्यूले असून ती ठरावीक क्रमाने विचारली जातात. 'हे माझ्या कक्षेतील नाही' असे एखाद्या मोड्यूलने सांगितले, तरच प्रश्न पुढच्याकडे जातो. स्पष्ट नकार मिळाल्यास तेथेच तपासणी थांबते. अज्ञान आणि नकार यांतील हा भेद या रचनेचा कणा होय.

चौथा भाग उत्तराचा. निर्णयासोबत कारण सांगणारा स्थितिसंकेत येतो. होकार असल्यास वापरकर्त्याची माहिती, त्याच्या गटांचे ओळखक्रमांक आणि संदेशांवर स्वाक्षरी करण्यासाठी लागणारी सत्रकिल्लीही मिळते.

पुनर्रचनेचे दूरगामी परिणाम

मोड्यूलांची सीमा स्पष्ट झाल्याने जुन्या पद्धती काढून टाकणेही सुकर झाले. डिसेंबर २०१२मध्ये आलेल्या सांबा ४.०मध्ये अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर म्हणून काम करण्याची क्षमता आली. याच आवृत्तीतून आव्हान व उत्तर दुसऱ्या सर्व्हरकडे नुसते पोहोचविणारी जुनी सर्व्हर-पद्धत वगळण्यात आली. २०१६च्या ४.५ या आवृत्तीपासून एनटीएलएमची पहिली आवृत्ती मूळ मांडणीतच बंद ठेवण्यात आली.

तथापि, पुनर्रचनेने सर्व प्रश्न सुटले असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये सांबाने एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती प्रसिद्ध केली. डोमेनच्या वापरकर्त्याची ओळख स्थानिक युनिक्स खात्याशी जुळविताना डोमेनसह पूर्ण नाव सापडले नाही, तर सांबा डोमेन गाळून केवळ नावाने शोध घेत असे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ मांडणीत सामान्य वापरकर्त्यालाही १० संगणक-खाती निर्माण करता येतात. अशा खात्याचे नाव सर्वाधिकारी युनिक्स खात्याच्या, म्हणजे 'रूट'च्या नावाशी जुळविता आले, तर डोमेनमधील साध्या वापरकर्त्याला सर्व्हरवर सर्वाधिकार मिळण्याचा धोका होता. येथे परवलीच्या शब्दाची तपासणी चुकली नव्हती. तपासणीतून हाती आलेली ओळख पुढच्या पायरीवर नुसत्या नावापर्यंत आक्रसली होती. दुरुस्तीमध्ये नावावरून मागे फिरण्याची ही वाट बंद करण्यात आली आणि डोमेनच्या वापरकर्त्यांसाठी किमान युनिक्स क्रमांकाची मर्यादाही घालण्यात आली. ती मूळ मांडणीत १००० आहे.

समारोप

नाव म्हणजे ओळख नव्हे. नाव हा केवळ दावा असतो. दावा जसाच्या तसा जपणे, पुरावा योग्य अधिकाऱ्यापुढे ठेवणे आणि त्याचे उत्तर काहीही न गाळता शेवटच्या पायरीपर्यंत नेणे, हे सांबाच्या पुनर्रचनेचे सार आहे. २०२१मधील त्रुटी या तत्त्वातील तिसऱ्या अटीचा भंग झाल्यामुळे उद्भवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. एखादे जुने यंत्र सर्व्हरशी जोडले जात नाही म्हणून बंद केलेली जुनी पद्धत पुन्हा सुरू केली, तर ती सवलत त्या एका यंत्रापुरती राहत नाही. त्या सर्व्हरवरील प्रत्येक खात्याचा पुरावा त्यामुळे कमकुवत होऊ शकतो. गुणपत्रके आणि प्रश्नपत्रिका ज्या सर्व्हरवर ठेवल्या जातात, तेथे अशी सवलत देण्यापूर्वी ते यंत्र बदलण्याचा विचार करणे अधिक श्रेयस्कर ठरेल.