सहस्र मजल्यांची नगरी : दोर आणि दर्जा

कॅथरीन मॅकगीच्या कादंबरीतील एरिस या मुलीच्या एकशे तिसऱ्या मजल्यावरील दिवसांची हकीकत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु एका वाचकाने पत्रातून असा सवाल केला आहे की, त्या कादंबरीतील २११८ सालच्या मॅनहॅटनमधला हजार मजल्यांचा मनोरा खरोखरच उभारला गेला, तर माणसे त्यात वर जाणार कशी. आणि हा विषय माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा आहे की, ती हकीकत पुढील लेखांकावर टाकणे मला भाग आहे.

एक मजला दहा फुटांचा धरला तरी उंची दहा हजार फूट, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर होते. लिफ्टचा पोलादी दोर जसजसा लांबवावा तसतसे त्याचे स्वतःचेच वजन वाढत जाते, आणि सुमारे पाचशे मीटरनंतर तो माणसांपेक्षा स्वतःलाच उचलण्यात आपले बळ खर्ची घालू लागतो. सबब आजच्या गगनचुंबी इमारतींत एकाच दोराने तळापासून शिखरापर्यंत जाण्याचा हट्ट सोडून मध्ये बदलीचे मजले ठेवावे लागतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एकशे दहा मजली मनोऱ्यांत ही तजवीज ४४व्या आणि ७८व्या मजल्यांवर होती. २०१३ साली कोने या लिफ्ट-कंपनीने कार्बन तंतूंचा हलका पट्टा पुढे आणला, तेव्हा ही मर्यादा एक किलोमीटरपर्यंत गेली. त्याच्या कितीतरी आधी, १९५६ साली, फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञाने शिकागोसाठी एक मैल उंचीच्या, ५२८ मजल्यांच्या इमारतीचा आराखडा जाहीर केला, तेव्हा लिफ्ट अणुशक्तीवर चालवण्याची कल्पना त्याला करावी लागली होती. शिवाय मजले वाढले की रहिवासी वाढतात, रहिवासी वाढले की लिफ्ट वाढतात, आणि प्रत्येक लिफ्टची विहीर खालच्या सर्व मजल्यांची जागा व्यापते. हजार मजल्यांच्या इमारतीचा पाया विस्तीर्ण असणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

पण माझ्या मते लिफ्टचे खरे कार्य याहून निराळे आहे. पूर्वीच्या पॅरिसमध्ये धनिक कुटुंबे दुसऱ्या मजल्यावर राहत आणि छपराखालच्या कोंदट खोल्या मोलकरणींच्या वाट्याला येत, कारण जिने चढण्याचे कष्ट हे गरिबाचे प्राक्तन होते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एलिशा ओटिसने लिफ्टची सुरक्षितता पटवण्यासाठी आपण उभा असलेल्या फळीचा दोर सर्वांच्या डोळ्यांदेखत तोडवला आणि ती फळी जागच्या जागी अडकून राहिली. तीनच वर्षांत ब्रॉडवेवरील हॉवट यांच्या दुकानात उतारूंची लिफ्ट सुरू झाली, आणि पुढील काही दशकांत उंचीचे भाव उलटे झाले.

कॅथरीन मॅकगीची २०१६ सालची ही कादंबरी त्या उलटलेल्या भावांवरच उभी आहे. एव्हरी फुलर हजाराव्या मजल्यावर राहते, बत्तिसाव्या मजल्यावरची रायलिन ही वरच्या मजल्यांवरील कॉर्ड अँडर्टनच्या घरी मोलकरणीच्या कामाला वर जाते. लीडा या आणखी एका पात्राच्या कुटुंबाची भरभराट तर मजल्यांच्या चढत्या आकड्यांतच मोजली जाते. पत्ता सांगितला की मिळकत कळली, अशी ही व्यवस्था आहे. जिन्यांच्या काळात धनिक आणि त्यांची मोलकरीण एकाच जिन्यावर समोरासमोर येण्याचा निदान संभव तरी असे. या मनोऱ्यात रायलिनचे जग आणि कॉर्डचे जग यांच्यामध्ये नऊशेहून अधिक मजले आहेत, आणि ते ओलांडण्याचे कारण तिला आहे, त्याला नाही.